खोट्या बोटाची नाडी

वरवंड, ता. दौंड
५ फेब्रुवारी २०२५

प्रगती,

पत्राची सुरुवात आशीर्वादानं करायची असते. तो तू धरून चाल, आज मला लिहवत न्हाई.

आबांचा दहावा उरकून तू गेलीस त्याला नऊ दिवस झाले. रोज फोन लावतो, वाजून वाजून बंद होतो. कंपनीत मोबाईल गेटवर जमा करतात हे मला ठाऊक हाय, पण सुट्टीच्या दिवशी बी तो गेटवरच असतो का? शेवटी आज पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पोस्टातला म्हणाला, "काय मल्हार, कुणाला नोटीस धाडतोस?" म्हणलं, बहिणीला.

घरचं सांगतो. आबा गेले त्या दिवसापासून आई माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. मागच्या पडवीत तीन दगड मांडून तिनं वेगळी चूल केलीया. स्वतःपुरती भाकरी थापती आन् भिंतीकडं तोंड करून खाती. तुझी वहिनी ताट वाढून घेऊन गेली तर म्हणाली, "माझं मला हाय." एका घरातनं दोन धूर निघायला लागले की वस्तीवर काय बोलतात ते तुला सांगायला नको.

आन् हौसरावमामा. आईचा सख्खा भाऊ, म्हणून आम्ही ऐकून घेतो. दहाव्याला शंभर माणसांत म्हणाला, "दाजीला पुण्याला नेला असता तर आज आपल्यात असता. पोरानं ऊस तोडला, बाप न्हाई वाचवला." तू तिथंच उभी होतीस. खाली बघत होतीस.

मी एकट्यानं ठरवलं का? आबांना निमोनिया होऊन दौंडला आयसीयूत ठेवलं, त्याचा तिसरा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्यायचं तर आज न्या, तुमची मर्जी. मी सकाळी दहाला तुला फोन केला. तुलाच का केला? तर घरात मशीनचं कळणारी तू एकटी. चार वर्षं आबा गावभर सांगत होते, माझी लेक दवाखान्याच्या मशीनी बनवती. तू मला विचारलंस, "दादा, बोटाला चिमटा लावलाय ना, त्याची लाट कशी आहे?" मी म्हणलं, "भरलेली हाय, पडदाभर." तू म्हणालीस, "मग हलवू नको. लाट भरलेली म्हणजे रक्त नीट फिरतंय. रस्त्यात हादरे बसून उलट वाईट होईल." हे तुझे शब्द, माझे न्हाईत. मी हलवलं न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा गेले, आन् अगदी शेवटच्या तासापर्यंत ती लाट भरलेलीच होती.

मला तुझ्याकडनं एकच पायजे. एक पत्र लिही. मी ते आईला आन् मामाला वाचून दाखवीन. त्यात लिही की हलवू नको असं तू सांगितलंस, मशीन बरोबर होती, आन् नेलं असतं तरी काही उपयोग नव्हता. तुझ्या शब्दाला घरात किंमत हाय. माझ्या न्हाई.

आई माझ्या हातचा चहा बी घेत न्हाई, प्रगती. पस्तिशीचा बाप्या मी, पण गोठ्यात जाऊन रडतो.

मल्हार


कारेगाव
१४ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. खोलीतल्या दोघी विचारत होत्या, हल्ली पत्र कोण लिहितं? मी म्हणाले, ज्याला तोंडावर बोलता येत नाही तो.

तू म्हणतोस तसं पत्र मी लिहिणार नाही.

आधी मशीनचं सांगते. बोटाच्या चिमट्यात एका बाजूनं उजेड सोडतात आणि दुसऱ्या बाजूला तो टिपतात. ठोका पडला की बोटात रक्त येतं आणि उजेड थोडा अडतो. ठोका ओसरला की उजेड जास्त पार होतो. त्या कमीजास्त होण्याची लाट पडद्यावर दिसते. सुई नाही, टोचणं नाही. तेव्हा मशीन चुकली असं कुणी म्हणू नये. आणि मी चुकले असंही म्हणू नये. तू जे सांगितलंस त्यावर मी बोलले.

तू काय सांगितलंस ते मात्र तू पत्रात अर्धंच लिहिलंस. फोन उचलल्यावर तुझं पहिलं वाक्य काय होतं? "टोळी फडात उभी हाय, आज तोड झाली न्हाई तर पाळी महिनाभर पुढं जाती." आबांची तब्येत सांगायच्या आधी तू मला ऊसतोड टोळीचं सांगितलंस. मग म्हणालास, "डॉक्टर ने म्हणत्यात, पण लाट तर चांगली हाय." माझ्या तोंडून काय यायला हवं ते तू आधीच तयार करून ठेवलं होतंस.

अजून एक गोष्ट तू गाळलीस. दहाव्याला मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवशी आई सकाळपासून म्हणत होती, पाय गार पडलेत. फोनवर तू मला पायांबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. ते सांगितलं असतंस तर मी वेगळं बोलले असते. का नाही सांगितलंस? आणि आई तुझ्याशी का बोलत नाही, हे तू मला विचारतोस? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मामा बोलले तेव्हा मी खाली बघत होते, कारण बापाच्या दहाव्याला भांडण नको होतं. लाज वाटली म्हणून नाही.

आईला काय सांगायचं ते तू तुझ्या तोंडानं सांग.

प्रगती


वरवंड
२३ फेब्रुवारी २०२५

प्रगती,

सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई, असं आबा तुला म्हणायचे. खोटं न्हाई म्हणायचे.

टोळीचं बोललो असंन. बोललोच. तुला कारेगावात बसून ऊस गोड लागतो. इथं एकदा पाळी हुकली की उभ्या उसाला तुरा येतो आन् कारखान्याच्या ऑफिसात चकरा मारून चपला झिजतात. पण ते जाऊ दे.

पायाचं विचारलंस ना, मग ऐक. आई सकाळी आठपासून आबांच्या पायथ्याशी होती. आत बसू देत न्हाईत, पण सिस्टरला दया आली, तिनं स्टूल दिलं. आईनं चादरीखाली हात घालून त्यांचे पाय धरले. आईचा हात तुला ठाऊक हाय. आपण लहान असताना मेंढरं घेऊन फिरायचो तवा रोज सांजेला ती एकेकाच्या कानाला हात लावायची, मांडीत बोटं घालून नाडी बघायची. "ह्याचा कान गार पडला" म्हणाली की ते मेंढरू दोन दिवसांत जायचं. आबा ढोर डॉक्टरला बोलवायच्या आधी तिला विचारायचे.

तुझ्याशी बोलून मी आत गेलो. आई परत म्हणाली, "मल्हार, पाय गार पडलं. घोट्यापर्यंत गार हायती. हलव इथनं ह्यास्नी." अँब्युलन्स खाली उभी होती. मीच सांगितलेली. मी सिस्टरसमोर आईला म्हणलं, "आई, हात काढ. ते मेंढरू न्हाई. तुझ्यापेक्षा मशीनला जास्त कळतं. प्रगतीनं सांगितलंय." तिनं हात काढला. मी खाली गेलो, गाडी परत धाडली, वर येऊन आईला डबा दिला आन् फडावर गेलो.

हे मी कुणाला सांगितलं न्हाई, तुझ्या वहिनीला बी न्हाई. आई बोलत न्हाई ती ह्याच्यापायी. तिच्या जागी मी असतो तर मी बी बोललो नसतो.

आबांचं एक राहिलं. फोनच्या आदल्या दिवशी ते शुद्धीवर होते. तोंडाला मास्क, धड बोलता येईना. तरी पडद्याकडं बोट करून सिस्टरला म्हणाले, "ही माझ्या लेकीनं केलीया." तिला पहिल्यांदा कळलं न्हाई, म्हणून परत म्हणाले. ती हसली, म्हणाली, "मग काय काळजी न्हाई, बाबा." आबा दिवसभर त्या पडद्याकडंच बघत होते.

आता एक विचारतो, त्याचं सरळ उत्तर दे. मामाला पाठवायला मी त्या पडद्याचे फोटो काढत होतो. काल ते सगळे ओळीनं बघितले. लाट प्रत्येक फोटोत तेवढीच उंच. पण लाटेच्या कडेला एक बारका आकडा हाय, त्याच्या डोक्यावर इंग्रजी दोन अक्षरं. दुसऱ्या दिवशी तो २.८ होता. तिसऱ्या दिवशी, तुला फोन करायच्या अर्धा तास आधी, ०.९. त्याच संध्याकाळी ०.४. शेवटच्या दिवशी सकाळी ०.२. लाट जाग्यावर आन् हा आकडा नुसता खाली खाली चाललाय. हा कशाचा आकडा हाय? तू मशीनी बनवतीस, तुला माहीत असणारच.

मल्हार


कारेगाव
६ एप्रिल २०२५

दादा,

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. तीनदा लिहिलं आणि फाडलं. आज एका दमात लिहिते आणि लगेच पेटीत टाकून येते.

मी मशीन बनवत नाही. कधीच बनवली नाही. मी पॅकिंगला आहे. तयार झालेला चिमटा टेबलावर येतो, त्याची वायर गुंडाळायची, पिशवीत घालायचा, पिशवी सील करायची, लेबल चिकटवायचं. हेच दिवसभर. गेटपासवर माझ्या नावाखाली "हेल्पर" लिहिलंय आणि दर काही महिन्यांनी कॉन्ट्रॅक्टर नवा पास देतो. आयटीआयचा एक विषय राहिला होता तो निघालाच नाही. राहिलेली मेंढरं विकून आबांनी मला आयटीआयला घातलं, त्यांना मी काय सांगणार होते? पहिल्या दिवाळीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय करतीस तिथं?" मी म्हणाले, "दवाखान्याच्या मशीन." एवढंच म्हणाले होते. पुढचं सगळं त्यांनी वाढवलं आणि मी वाढू दिलं. गावात लोक माझ्याकडे वळून बघायचे ते मला आवडायचं.

मग लाटेचं मला कुठून कळतं? आमच्या टेबलासमोर काच आहे आणि काचेपलीकडे टेस्टिंग. तिथं एक रबरी बोट आहे. आम्ही सगळ्या त्याला खोटं बोट म्हणतो. प्रत्येक चिमटा त्या बोटाला लावून बघतात. त्या बोटात रक्त नाही, काही नाही, पण त्याला नाडी दिलेली आहे, आणि पडद्यावर लाट येते. एकसारखी, भरलेली. चार वर्षं मी मान वर केली की तीच लाट दिसते. लाट भरलेली असली की माल पास, नसली की बाजूला. मला नाडीतलं एवढंच येतं, दादा. त्यावर मी आबांना पास केलं.

तुझे आकडे एका कागदावर उतरवून घेतले. टेस्टिंगच्या रविराज सरांकडे जायचा धीर व्हायला महिना गेला. सर चांगले आहेत, हसले नाहीत. म्हणाले, पडद्यावरची लाट मशीन स्वतःच ताणून मोठी करून दाखवते. बोटात रक्त कमी यायला लागलं तरी लाट पडदाभर, म्हणजे तिचा आकार डॉक्टरांना दिसावा. तिच्यात खरा जोर किती, ते त्या बारक्या आकड्यात असतं. तो उतरत चालला म्हणजे हातापायांकडचं रक्त कमी होत चाललं. पाय गार पडतात ते त्यामुळेच. म्हणजे आकडा तेच सांगत होता जे आई सांगत होती. आई आधी सांगत होती. शेवटचा ०.२ बघून सरांनी विचारलं, "हे कुणाचं रीडिंग?" मी म्हणाले, "एका गिऱ्हाइकाचं."

पुण्याला नेलं असतं तर वाचले असते का, हेही मी विचारलं. म्हणाले, "मी वायरिंगचा माणूस. ते डॉक्टरला विचारा." मी कुणाला विचारलं नाही. हो म्हणाले तर काय करू?

आणि आबा ज्या मशीनकडे बोट दाखवत होते ती आमच्या कंपनीची नाही. तू पहिल्या दिवशी पाठवलेल्या फोटोत नाव दिसतंय, दुसऱ्याच कंपनीचं आहे. मला तेव्हाच दिसलं होतं.

तुझा फोन आला तेव्हा गेटवरून मोबाईल मागून घेऊन मी सायकल स्टँडमागे उभी होते, चहाची सुट्टी संपत आली होती. "दादा, मला यातलं कळत नाही" हे माझ्या अगदी जिभेवर होतं. पण घरातल्या कुणी मला आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काही विचारलं होतं. माझ्यासाठी स्थळ बघतानाही कुणी विचारलं नव्हतं. मला ते सोडवलं नाही. फोन ठेवून मी आत गेले आणि सुट्टीनंतरचा माल भराभर भरला, खूश होते मी. खरं तेच आहे.

पायांचं सांगितलं असतंस तर मी वेगळं बोलले असते, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. तेही खोटं. मी तरीही तेच बोलले असते.

हे पत्र आईला वाचून दाखव, मामांनाही. मला लाज वाटेल, वाटू दे. त्यानं तुमची चूल एक झाली तर बरंच.

प्रगती


वरवंड
१४ एप्रिल २०२५

प्रगती,

नाव सोनुबाई आन् हाती कथलाचा वाळा.

काल रविवारी मामाला बोलावून घेतलं आन् तुझं पत्र वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक ओळ गाळली न्हाई. मामा अर्ध्यातच उठला, चप्पल घातली आन् गेला. जाताना माझ्याकडं बघितलं न्हाई, पण "ऊस तोडला" असं बी म्हणाला न्हाई. म्हंजी माझं थोडं काम झालं.

आई जोंधळे निवडत बसली होती. मी वाचत होतो, तिचा हात चालू होता. त्या खोट्या बोटाचं आलं तवा थांबला. म्हणाली, "परत वाच." तीन महिन्यांत माझ्याशी पहिल्यांदा बोलली, ती ह्याच्यासाठी. मी परत वाचलं. ती उठली, सूप भिंतीला लावून ठेवलं आन् मागं जाऊन तिची चूल पेटवली. तिची म्हंजी तिचीच, वेगळी. सगळं सांगून काय मिळालं? तिकडं धूर तसाच हाय.

तुझा राग आला. चार वर्षं आबा पारावर बसून तुझं नाव घेत होते. आयसीयूत मास्कमधनं घेतलं. दुसऱ्याच कुणाच्या मशीनकडं बोट करून घेतलं. असा राग आला की हे पत्र त्याच दिवशी लिहिलं असतं तर पोस्टातल्यानं पाकीट हातात धरलं नसतं.

पण आज सकाळी फडात उभा होतो. ऊस गेलाय, रान मोकळं हाय. तिथं मनाशी म्हणलं, तिनं सगळं लिहिलं, आपण लिहिलं का? मग आता लिहितो, एकदाच.

डॉक्टर "तुमची मर्जी" एवढंच म्हणाले न्हाईत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हातापायांचं रक्त कमी होत चाललंय. औषधानं प्रेशर धरलंय, पण पुढची सोय इथं न्हाई. न्या." आईनं सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. दोघांनी एकाच सकाळी सांगितलं. तुला फोन केला तवा ते माझ्या कानात होतं, आन् मी तुला लाट सांगितली.

न्यायचंच असतं तर मी कुणाला विचारलं नसतं, प्रगती. माणूस न्यायचं असलं की नेतं. मला नको म्हणणारं कुणीतरी पायजे होतं. मामाला विचारलं असतं तर तो ने म्हणाला असता. म्हणून तुला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं म्हणतीस, तर ते असं विचारलं होतं.

आता पत्र धाडू नकोस. राखीला बी येऊ नकोस. रागानं न्हाई लिहीत. तू समोर आलीस की मला तुझं फोनवरचं बोलणं ऐकू येणार, आन् तुला माझं. उंबऱ्यात उभं राहून दोघं काय बोलणार?

मल्हार


वरवंड
२१ एप्रिल २०२५

प्रगतीस,

मी गीताबाई, तुमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीची. तुझ्या आईनं सांगितलं तसं लिहून देते आहे, माझ्या पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. मल्हारला ह्या पत्राचं ठाऊक नाही.

बाय,

तुझं पत्र मी दोनदा ऐकलं. पोटाला खातीस का न्हाई ते तू कुठंच लिहिलं न्हाईस.

तू पिशव्या भरतीस, त्यात वंगाळ काय न्हाई. लेंड्या भरलेल्या आईची लेक हायस. तवाच सांगितलं असतंस तर तुझा बा चार दिवस गप बसला असता आन् पाचव्या दिवशी पारावर जाऊन सांगितलं असतं, माझी लेक कंपनीत पिशव्या भरती. त्याला बोलायला लेक पायजे हुती, मशीन न्हाई.

तुमी दोघं आता पत्रं लिहून वाटणी करायला लागलाय, कुणाची चूक किती. करा. वावराला बांध घालत्यात तसा घाला. पण त्या वाटणीत माझा वाटा तुमी धरलाच न्हाई.

मल्हारला वाटतंय मी त्याच्यावर रुसले. तुला बी तसंच वाटतंय. चूल का वेगळी मांडली म्हणून त्यानं तुला लिहिलं असंल. मला सुनंच्या हातचं नको, असं न्हाई. माझ्या हातचं मला कुणाच्या ताटात वाढायचं न्हाई. एका चुलीवर दोघी बसलो की माझी भाकरी मल्हारच्या ताटात जाणार, म्हणून मागं बसते. तोंड भिंतीकडं करते ते बी त्यापायीच, त्याचं ताट बघितलं की सवयीनं हात फुडं जातो. आन् बोलत न्हाई, तोंड उघडलं तर त्याला नको ते सांगून बसंन म्हणून.

हा हात कधी चुकला न्हाई. पावसात, अंधारात, डोळं मिटून कानाला लावला तरी सांगायचा. त्या दिवशी बी चुकला न्हाई. बरोबर सांगत हुता. आन् मी काढला.

मल्हार म्हणाला म्हणून काढला असं तुमाला वाटत असंल. मल्हारचं मी जन्मात कवा ऐकलंय? मी काढला कारण मला माझ्या हाताची लाज वाटली. फुडं येवढं मोठं मशीन, पोरीनं बनवलेलं, सिस्टर बघती, आन् मी म्हातारी मेंढराचं बघावं तसं पाय चाचपत बसले. मनात आलं, आपलाच हात आता थकला असंल.

फुडचं मल्हारनं बघितलं न्हाई. तो गाडी परत धाडायला खाली गेला हुता. त्याला सांगू नको, त्याला त्याचं पुरं हाय. तुला सांगते, कारण तू त्या लाटंचं दिवसभर बघतीस आन् तुला वाटतंय तूच एकली फसलीस.

हात काढल्यावर थोड्या वेळानं ह्यांनी पाय हलवला. डावा. चादरीखाली इकडं गेला, तिकडं गेला. बेचाळीस वर्षं संसार केलाय, काय हुडकत हुते ते मला कळणार न्हाई का? माझा हात वीतभर लांब हुता. मी ठेवला न्हाई. मल्हार वर येईल, परत बोलंल, सिस्टर हसंल, म्हणून दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले आन् पडद्याकडं बघत राहिले. तिथं लाट चांगली भरलेली हुती. पाय हलायचा थांबला, तवा बी भरलेलीच हुती.

सखूबाई